किल्ल्यांचा जुडगा आणि दुरुस्तीची घाई

सर्व्हरची दुरुस्ती वेळेवर करावी, हा उपदेश आता सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाचे टर्मिनल ज्या ‘नॉटपेट्या’ने ठप्प केले, तो युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतूनच शिरला होता! आत येताच त्याने यंत्रांच्या स्मृतीतील व्यवस्थापकांचे संकेतशब्द उचलले. आणि मायक्रोसॉफ्टची मार्चमधील दुरुस्ती ज्यांनी चोख केली होती, त्यांचीही यंत्रे त्या किल्ल्यांनी उघडली. १९ जुलै २०२४ रोजी तर कोणी शत्रू नसताना क्राउडस्ट्राइकच्या सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले.

तेव्हा विलंब घातक, तसा आंधळा विश्वासही. अमरावती-अकोल्याच्या सहकारी बँका, अमरावतीचे विद्यापीठ, अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी प्रशासकीय खात्यांच्या सर्व्हरवरील दुरुस्ती आधी चाचणीच्या यंत्रावर करून पाहावी. ही चाचणी दिवसांची असावी, महिन्यांची नव्हे. परतीची प्रत हाताशी असावी, आणि ती किल्ली रोजच्या कामाच्या संगणकावर कदापि वापरू नये. याला एक जादा यंत्र आणि एक जाणता माणूस लागतो. नव्या इमारतींसाठी दिसणाऱ्या तत्परतेचा काही अंश संचालक मंडळांनी इकडेही वळवावा, असे आम्हांस वाटते.