घरचा हिशेब : आक्काच्या नांवापुढचें पूज्य

मातोश्रींच्या आजारपणांतील खर्चाची वांटणी करण्यासाठीं आम्ही तिघें भावंडें गेल्या दिवाळींत एकत्र बसलों. धाकट्या भावानें एक्सेलच्या तक्त्यांत सारी टिपणें ठेविलीं होतीं : तारीख, खर्च करणाराचें नांव, बाब व रक्कम. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षांत आक्कानें औषधें आणि परिचारिका यांवर काय खर्चिलें, एवढेंच पाहावयाचें होतें. उत्तर आलें शून्य! जिनें वर्षभर उशाशीं बसून रात्री काढल्या, तिच्या नांवापुढें पूज्य. ती कांहीं बोलली नाहीं. उठून स्वयंपाकघरांत गेली.

अनेक अटींची बेरीज करणारें ‘समइफ्स’ हें सूत्र एक्सेलमध्यें २००७ च्या आवृत्तीपासून आहे. त्यांत प्रथम बेरजेचा रकाना सांगावयाचा, मग रकाना व अट अशा जोड्या द्यावयाच्या. (जुन्या ‘समइफ’मध्यें बेरजेचा रकाना शेवटीं येतो, नवशिक्याची येथें हटकून फसगत होते.) जी ओळ साऱ्या अटींस एकदम उतरेल, तिचीच रक्कम धरली जाते. भावानें बाबीच्या रकान्यास दोन अटी लाविल्या होत्या : औषधें, आणि परिचारिका. पण एकाच ओळींतील खर्च दोन्ही कसा असेल? बोलतांना आपण ‘आणि’ म्हणतों, मनांत मात्र ‘किंवा’ असतें. तारखेच्या रकान्यास दोन अटी खुशाल लावाव्या, कारण एकच तारीख १ एप्रिलच्या पुढची व ३१ मार्चच्या अलीकडची असूं शकते. बाबींसाठीं दोन निराळीं सूत्रें लिहून त्यांची बेरीज घ्यावी. तशी घेतली : औषधें १६,२५० व परिचारिका ४२,०००, एकूण ५८,२५० रुपये.

तरी माझें समाधान होईना. बाबीची अट काढून आक्काच्या त्या वर्षाच्या सगळ्या खर्चाची बेरीज केली, तों ती बाबवार बेरजांहून २,१५० रुपयांनीं अधिक भरली. दोन ओळींत ‘औषधें’ या शब्दापुढें एक मोकळी जागा पडली होती. तेवढ्यानें त्या गळल्या. रकान्यांची लांबी विषम असली तर यंत्र चूक दाखवितें. शब्दांतील तफावत मात्र मुकाट्यानें वगळतें. ही उलटतपासणी प्रत्येक गृहिणीनें करावी.

भावानें स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन ६०,४०० हा आंकडा वाचून दाखविला. आक्का हात पुशीत म्हणाली, “एक पावती अजून माझ्या पिशवींत आहे रे. तीहि धर.”