पडद्याचे दार उघडले, पण किल्ली कोणाकडे?



पूर्वी वस्तीत एखाद्याच घरी टी.व्ही. असायचा. गाण्यांचा कार्यक्रम लागला की त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आज घरात चार माणसे असली तर चार मोबाइल आणि चार वेगळी गाणी! पोरे दिवसभर यूट्यूबमध्ये डोके घालून बसतात, ही आई-बापांची तक्रार खोटी नाही. परंतु पोरे किती वेळ पाहतात एवढेच विचारून भागणार नाही. ती जे पाहतात ते त्यांच्यासमोर ठेवतो कोण, आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हेही विचारले पाहिजे. हे प्रश्न मोबाइलबरोबर आलेले नाहीत. गाणे पडद्यावर आले तेव्हापासूनचे ते आहेत. त्यांचे मूळ पाहायचे तर थोडे अमेरिकेत डोकावावे लागेल.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. दिवसरात्र गाणी, आणि तीही चित्रासह. ही चित्रगीते रेकॉर्ड कंपन्या वाहिनीला फुकट देत, कारण गाणे पडद्यावर दिसले की दुकानात त्याच्या तबकड्या खपत. वाहिनी म्हणजे बाजारपेठेचे दारच झाले. ज्याला आत घेतले तो गाजला. ज्याला बाहेर ठेवले तो कितीही चांगला गात असला तरी बाहेरच राहिला.

बाहेर कोण राहिले? काळे कलावंत. पहिल्या दीड वर्षात एमटीव्हीवर काळा चेहरा क्वचितच दिसे. वाहिनीचे म्हणणे असे की आम्ही रॉक संगीत दाखवतो, यांचे संगीत त्यात बसत नाही. आता हे रॉक संगीत आले कुठून? गुलामांच्या नातवंडांनी, शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या काळ्या माणसांनी गायलेल्या ब्लूजमधून! ज्यांनी रोप लावले त्यांनाच फळ तोडायची बंदी. आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. हलगी आपल्या हातात होती, तमाशाचे फड आपल्या कलावंतांनी उभे केले, आणि मानाचे पान मात्र दुसऱ्याच्या ताटात गेले.

रिक जेम्स या काळ्या गायकाचे गाजलेले गाणे एमटीव्हीने नाकारले. हा वर्णद्वेष आहे, असे त्याने उघडपणे सांगितले. १९८३ च्या सुरुवातीला डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने एमटीव्हीवरच्याच मुलाखतीत निवेदकाला उलट प्रश्न केला, की तुमच्याकडे काळे कलावंत इतके कमी का? लहान गावांतल्या गोऱ्या प्रेक्षकांना काय रुचेल याचाही विचार करावा लागतो, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. म्हणजे दोष वाहिनीचा नाही, प्रेक्षकांचा! आपल्याकडेही घरमालक म्हणतोच ना, मला काही नाही हो, पण शेजाऱ्यांना चालत नाही.

मग दार उघडले कसे? मार्च १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचे 'बिली जीन' एमटीव्हीवर लागले. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ पुढे सांगत, की हे गाणे दाखवा, नाहीतर आमची सगळीच गाणी काढून घेतो असा दम त्यांनी भरला होता. एमटीव्हीच्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट नाकारली. खरे काहीही असो, त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॅक्सनचे जवळपास चौदा मिनिटांचे 'थ्रिलर' आले आणि एमटीव्हीचीच भरभराट झाली. तरीही काळ्या वस्त्यांतल्या पोरांच्या रॅप संगीताला स्वतःचा नियमित कार्यक्रम मिळायला १९८८ साल उजाडावे लागले. 'यो! एमटीव्ही रॅप्स' असे त्याचे नाव. वाहिनी सुरू होऊन तोवर सात वर्षे झाली होती.

काळ्या माणसांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते विद्यापीठ हार्लेम या काळ्यांच्या वस्तीला लागूनच आहे. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि बंद दाराचा अनुभव तर बाबासाहेबांना स्वतःला होता. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा बाबासाहेबांनी स्वतःचे पत्र चालवले.

आपल्या गाण्यांनीही तोच मार्ग धरला. बाबासाहेबांच्या हयातीत भीमराव कर्डकांचे जलसे झाले. पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वस्तीवस्तीत गेला. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्या देशात आली, पण भीमगीताची वाट तिथून जात नव्हती. ते पोचले कॅसेटवर. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या बाहेर मांडलेल्या स्टॉलवरून कॅसेट घ्यायची आणि गावी गेल्यावर सगळ्या आळीला ऐकवायची.

आता यूट्यूबकडे वळू. २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर पहिला व्हिडिओ टाकला गेला. जावेद करीम हा त्याच्या तीन संस्थापकांपैकी एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून दोन वाक्ये बोलतो, बस्स. जेमतेम एकोणीस सेकंद! ना स्टुडिओ, ना कंपनीची चिठ्ठी. एमटीव्हीत आणि यूट्यूबमध्ये मोठा फरक हाच. इथे दारावर कोणी जात, रंग, पत्ता विचारत नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलर्सना विकत घेतली. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते मजुराच्या खिशातही आले.

याचा लाभ आपल्याला झाला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गातात. त्यांचा आवाज मोबाइलवरूनच महाराष्ट्रभर गेला. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांवर गाते, तीही यूट्यूबवरूनच देशाला कळली. एमटीव्हीच्या काळात या दोघींना दारातूनच परत पाठवले असते.

पण थांबा. दार उघडले म्हणजे घर आपले झाले, असे नाही. यूट्यूबवर दारवान बाहेर उभा नसतो, तो आत बसलेला असतो. एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते. ते कोण निवडतो? कंपनीचे यंत्र. तुम्ही पडद्यासमोर जास्तीत जास्त वेळ कसे बसाल, हे ते यंत्र पाहते. त्यामुळे भीमगीताने सुरुवात केलेले पोर अर्ध्या तासात कुठल्या कुठे जाऊन पोचते. कधी अचकट-विचकट नाच, कधी बुवाबाजी, कधी आपल्याच समाजाला शिव्या देणारा कोणी.

दुसरी गोष्ट पैशाची. चॅनेलचे १,००० सदस्य आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले ४,००० तास, असे काही ठरलेले टप्पे गाठल्यावरच जाहिरातीचा वाटा मिळतो. मोठ्या व्हिडिओवर तो ५५ टक्के असतो. तोवर तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लागली तरी पैसे कंपनीचे. शिवाय आपली पुष्कळ गीते सिनेमाच्या चालीवर बांधलेली असतात. चाल जुळली तर सिनेमाच्या गाण्याची मालक कंपनी हक्क सांगू शकते, आणि शब्द आपले, घाम आपला, कमाई तिची, असे होते.

तिसरी गोष्ट कागदाची. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे यूट्यूबवर आले. लिहिणारा अरिवू हा आंबेडकरी विचारांचा तरुण. चहाच्या मळ्यात राबलेल्या आजीच्या आणि जमीन नसलेल्या पूर्वजांच्या आठवणी त्याने त्यात ओतल्या. गाणे चाळीस कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' मासिकाने मुखपृष्ठावर सहगायिकेला घेतले आणि अरिवूला वगळले. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा कुठे त्याचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितले, की त्यांना, अरिवूला आणि गायिकेला या गाण्याचा एक पैसाही मिळालेला नाही. कोट्यवधी लोकांनी पाहिले, पण पदरात काय पडले? एमटीव्हीच्या काळात आपल्यासारख्यांचे गाणे दारात अडले असते. आज ते जगभर फिरते आणि गाणारा रिकाम्या हाताने घरी येतो.

तेव्हा आपण काय करायचे? मोबाइल फोडून उपयोग नाही. पहिले म्हणजे, आपोआप पुढचे गाणे लावण्याची सोय बंद करता येते, ती बंद करा. हवे ते गाणे नाव घालून शोधायची सवय मुलांना लावा. पुष्कळ लोक मानतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पुष्कळ लोक पाहतात म्हणून पाहू नका, हा त्याचाच आजचा अर्थ.

दुसरे, गीत टाकताना कवीचे, गायकाचे, ढोलकीवाल्याचे नाव खाली लिहा. आपले कितीतरी शाहीर नावाशिवाय गेले. निदान आता तरी ही चूक नको. तिसरे, शक्य तिथे चाल स्वतःची बांधा, आणि कोणी कंपनी कागद पुढे करील तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. कायमचे हक्क लिहून देणे म्हणजे जमीन विकण्यासारखेच आहे. चौथे, वस्तीतल्या म्हाताऱ्या आयाबायांना जात्यावरची, जयंतीची जुनी गाणी येतात. येत्या रविवारी विहारात बसवून मोबाइलवर ती भरून घ्या. नातवाला यंत्र कळते आणि आजीला गाणे येते. दोघे एका चटईवर बसले तर ती गाणी मागे उरतील.

'मूकनायक'ला जाहिरातीचे दार बंद झाले, तरी बाबासाहेबांनी हातात लेखणी आणि छापखाना घेतला. आज तुमच्या-आमच्या हातात त्याहून सोपे साधन आहे. ते कोणाचे गुलाम होऊन वापरायचे की मालक होऊन, हे घराघरात ठरवायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!