हक्कातली वजावट

अमेरिकी फौजेत चार-पाच वर्षे काढून पंचविशीच्या आसपास कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या तरुणाला पहिल्याच दिवशी कुणीतरी शेजारी बसवून एक गोष्ट सांगायला हवी. जीआय बिल या माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली पैसे मिळतात म्हणून पेल ग्रँट हातची जात नाही. पहिले हे त्याने केलेल्या सेवेचे देणे आहे. दुसरी ही बेताच्या उत्पन्नाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला मिळणारी, परत न करायची केंद्र सरकारची मदत आहे. दोन्ही एकाच वेळी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. ‘फी तर सरकार भरतेच आहे, मग आणखी कशाला मागायचे’, असे मानी घरातल्या मुलाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण त्या संकोचापायी फॅफ्सा नावाचा मदतीचा अर्ज भरायचा राहिला, तर वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंतची रक्कम त्याच्या हातून जाऊ शकते. २०२५-२६ या वर्षाची पेल ग्रँटची कमाल मर्यादा तेवढी आहे.

सैनिकाला शिकवण्याची ही परंपरा जुनी आहे. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पहिल्या जीआय बिलावर सही केली आणि १९५६ पर्यंत महायुद्धातून परतलेल्या सुमारे ७८ लाख जणांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र त्यातले फार थोडे आले. अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होती आणि तिथे वर्णभेदाचे राज्य होते. कायद्याने दिलेले खिडकीवर अडते, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

आज लागू असलेला कायदा २००८ साली मंजूर झाला. किमान ३६ महिने सेवा झालेल्याला सरकारी कॉलेजची, त्या राज्याच्या रहिवाशाला लागते तेवढी, पूर्ण फी मिळते. शिवाय घरभाडे भत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते. खासगी कॉलेजच्या फीला वरची मर्यादा आहे.

खरी गुंतागुंत सुरू होते ती तिसऱ्या पैशापाशी, म्हणजे राज्याची फीमाफी, कॉलेजची शिष्यवृत्ती किंवा एखाद्या ट्रस्टची मदत यांपाशी. नियम असा आहे की फक्त फीसाठी म्हणून दिलेली आणि थेट कॉलेजकडे जमा होणारी मदत आधी फीमधून वजा करायची आणि उरलेली फी माजी सैनिक खात्याने भरायची. पेल ग्रँट आणि कर्जे या वजावटीतून वगळली आहेत. समजा फी १२,००० डॉलर आहे आणि एका विद्यार्थ्याला ३,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या कागदावर ‘फीसाठी’ असे लिहिले असेल, तर खाते ९,००० भरते आणि विद्यार्थ्याच्या हातात काहीच पडत नाही. त्याच कागदावर ‘शिक्षणाच्या खर्चासाठी’ असे असेल, तर खाते १२,००० भरते आणि ते ३,००० त्याच्या जेवणाला, बसपासला, मुलाच्या पाळणाघराला उपयोगी पडतात. अभ्यास करून मिळवलेल्या शिष्यवृत्तीचा लाभ एका शब्दापायी सरकारी तिजोरीला व्हावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. देणगीदारांना आणि कॉलेजांना आपल्या कागदावरचा शब्द आज बदलता येतो, आणि तो त्यांनी बदलावा.

फॅफ्साच्या बाबतीत दोन नियम सैनिकाच्या बाजूचे आहेत. माजी सैनिक स्वतंत्र विद्यार्थी मानला जातो, त्यामुळे आई-वडिलांचे उत्पन्न विचारलेच जात नाही. जीआय बिलाची रक्कम आणि घरभाडे भत्ताही उत्पन्नात धरला जात नाही. पण अर्जात उत्पन्न बघतात ते दोन वर्षांपूर्वीचे. तेव्हा तो वर्दीत होता, पूर्ण पगारावर होता. आज पगार बंद आहे आणि कागदावर मात्र तो खाऊनपिऊन सुखी दिसतो. यावर उपाय आहे. सेवामुक्तीचा दाखला आणि सध्याच्या कमाईचा पुरावा घेऊन कॉलेजच्या मदत कार्यालयाकडे फेरविचार मागायचा. तिथल्या अधिकाऱ्याला तो अधिकार आहे. परंतु तो मागावा लागतो, आपोआप होत नाही, आणि मागता येतो हेच माहीत नसेल तर प्रश्नच मिटला. डिसेंबर-जानेवारीत दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत घरभाडे भत्ता थांबतो, भाडे थांबत नाही. त्या महिन्यात पेल ग्रँटचे शिल्लक पैसे गाठीला असणे आणि नसणे यावर कुणाचे पुढचे सत्र अवलंबून असू शकते.

दोन लाभ एकत्र घेण्यासाठी माणसाला किती झगडावे लागते, हे जेम्स रुडिसिल यांच्या खटल्याने दाखवले. लष्करात तीन वेळा सेवा केलेल्या या गृहस्थांनी जुन्या माँटगोमेरी जीआय बिलावर पदवी घेतली होती. पुढे येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकून लष्करी पाद्री व्हायचे त्यांच्या मनात होते. २००८ च्या नव्या बिलाचा लाभही त्यांनी स्वतंत्रपणे कमावलेला होता. खात्याने मात्र जुन्या ३६ महिन्यांतले उरलेलेच तेवढे देऊ केले. १६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, की दोन्ही लाभ मिळून ४८ महिन्यांपर्यंत घेता येतात. येलला जायचे त्यांचे वय आणि वेळ मात्र या वर्षांत निघून गेली होती.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतील आणि बाकीचे ऐन तारुण्यात घरी परततील. हातात सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी असेल. इग्नूने त्यांच्यासाठी पदवी अभ्यासक्रम आखला आहे, त्यात सैन्यातल्या प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक मिळतात, हे चांगलेच झाले. पण त्यातला एखादा सातारा-कोल्हापुरात परतून नेहमीच्या कॉलेजात गेला आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरू लागला, तर त्याचा सेवानिधी वर्षाच्या उत्पन्नात मिळवला जाता कामा नये. चार वर्षे सीमेवर स्वतः कमावलेल्या मुलाची गरज वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरवली जाता कामा नये. हे दोन मुद्दे शासन निर्णयात साध्या मराठीत लेखी यायला हवेत. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. तरीही प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासाठी एक टेबल असावे, आणि तिथे बसलेल्या माणसाने त्याचा अर्ज त्याच्यासमोर भरून द्यावा.