‘मा रेवा’ आणि आजीचं गाव

‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड पुष्कळांना ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातल्या ‘बंदे’मुळे माहीत झाला. आमच्या सिडकोतल्या घरात तो त्याआधीच येऊन बसला होता, २००० साली निघालेल्या ‘कंदिसा’ या अल्बमच्या कॅसेटमधून. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामची बेस गिटार, अमित किलामचे ड्रम, आणि तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती. रॉक म्हणजे इंग्रजीच, असं तेव्हा आम्ही कॉलेजातली पोरं धरून चाललो होतो. या चौघांनी केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना घेतली, गोरख पांडेंची कविता घेतली आणि नर्मदेकाठचं लोकगीतही घेतलं. ते नर्मदेचं गाणं म्हणजे ‘मा रेवा’.

तरुणपणी ऐकलेली गाणी जन्मभर चिकटून राहतात, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. कॅलिफोर्नियातल्या पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये ओळखीची गाणी ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. कपाळामागच्या ज्या भागात गाण्याची ओळख आणि स्वतःच्या आयुष्यातली आठवण एकत्र येतात, तो भाग त्यांनी दाखवून दिला. मला ते पटतं. ‘कंदिसा’ लागलं की आमच्या सरस्वती भुवन कॉलेजच्या बाहेरचा चहा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची गच्ची आठवते. पण ‘मा रेवा’ने मला जी आठवण दिली, ती माझी नाहीच. ती आजीची आहे, आणि ज्या गावाची ती आहे ते गाव मी कधी पाहिलेलं नाही.

आईचं माहेर पैठण तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आज ते नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या पाण्याखाली आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. या दोन तारखा आमच्या घरात पाठ आहेत, कारण त्या दोन्हींच्या मधे आजीचा संसार बैलगाड्यांत भरला गेला. पुढे ती पुनर्वसित गावात राहिली आणि म्हातारपणी आमच्याकडे आली.

आमचा टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात असायचा. नळाला पाणी आलं की ड्रम, घागरी, पातेली भरायची घाई, आणि त्या घाईत मी कॅसेट लावायचो. एकदा ‘मा रेवा’ सुरू असताना आजी भाजी निवडायची थांबली.

“कोन म्हनतंय बाबा हे? गंगंचं हाय का?”

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी म्हटलं, “गंगेचं नाही आजी, नर्मदेचं.”

“नर्मदा बी मायच की. लाव परत.”

मी परत लावलं. त्यानंतर ती रोज मागायची, आणि गाणं संपलं की बोलायची. घराच्या तुळया आणि दाराच्या चौकटी काढून गाडीत कशा घातल्या, मारुतीची मूर्ती हलवताना बाया कशा रडल्या, पाणी आधी मळ्यात शिरलं की पांढरीत, यावरून आजोबांचं आणि तिचं शेवटपर्यंत कसं जमलं नाही. याआधी तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. गाण्यात नदीची थोरवी आहे, धरणाचा उल्लेख नाही. तरी तिला त्यातून तिचंच ऐकू आलं.

ते का, हे मला पुढे कळलं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करायचा आणि हे गाणं तिथूनच बँडमध्ये आलं. महाराष्ट्रातली तेहतीस गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आली. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्यात पहिलं. म्हणजे ज्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली जात होती, तिथल्या नदीचं गाणं दिल्लीमार्गे आमच्या स्वयंपाकघरात आलं होतं, आणि आधीच बुडालेल्या गावची बाई नळाला आलेलं जायकवाडीचं पाणी भरता भरता ते ऐकत होती. चांगलं संगीत कसं काम करतं, याचा मला यापेक्षा मोठा पुरावा आजवर मिळालेला नाही. आपल्या आठवणी ते सांभाळतंच, शिवाय दुसऱ्याच्या आठवणीला आपल्यात जागा करून देतं.

२५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. मी तेव्हा नोकरीसाठी पुण्यात होतो. बातमी वाचून आईला फोन केला. आजी त्याआधीच गेली होती. तो तबलेवाला गेला, एवढंच मी म्हणालो आणि आईला लगेच समजलं. २०१३ साली सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडला. त्या दोघांच्या जागी आता नवे कलाकार आहेत. कॅसेटमधला तो आवाज मला त्यांच्यात सापडत नाही, पण ते ‘मा रेवा’ गातात याचा मला मनापासून आनंद आहे.

२०१६ च्या दुष्काळात नाथसागर आटला. लोक गाळपेराला उतरले होते. आई, मी आणि माझी मुलगी गेलो. भेगाळलेल्या चिखलात जोती दिसत होती. आईने मारुतीच्या पाराची जागा ओळखली आणि घर तिथून किती अंतरावर, ते पावलांनी मोजायला लागली. गाडीत ‘मा रेवा’ ऐकत आलेल्या मुलीने विचारलं, “आपल्या नळाला येतं ते पाणी इथलंच ना?” हो म्हटलं. परतीच्या वाटेवर तिला बैलगाड्यांची गोष्ट सांगितली, मारुतीची सांगितली, मणिबेलीचीही सांगितली. पाणी आधी मळ्यात शिरलं की पांढरीत, हे मात्र तिने आईला विचारलं, आणि आईने आजीची बाजू घेतली.