भिंत गुलाबी, पाइप बंद

माझी मावसबहीण अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या वर्गाला पर्यावरणवाल्यांच्या एका गटाकडून काम आलं. नवी मुंबईतल्या पाणथळ जागा वाचवायच्या, त्यासाठी जनजागृती करायची, म्हणून एक लांबलचक भिंत रंगवायची. तीन रविवार, वीस मुलं, रंग प्रायोजकाचे, दुपारी वडापाव आणि शेवटी सर्टिफिकेट. शेवटच्या रविवारी मी तिला घ्यायला गेलो, तेव्हा भिंतीवर निळ्याशार पाण्यात फ्लेमिंगोंचा थवा उभा होता. सुंदर होता, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, "इथलं पाणी एवढं निळं असतं का गं?"

"काय माहीत, दादा. आम्हाला तलावावर नेलंच नाही. फोटो व्हॉट्सॲपवर आले होते."

तलाव त्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर होता. माझं भांडण त्या दहा मिनिटांशी आहे.

तिथे गेलं की काय दिसतं? आधी वास येतो. मग करडा चिखल, त्यात निवट्या, खेकड्यांची बिळं, कडेला खारफुटी. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यात चोच उलटी घालून चरतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांना टेकायला उथळ पाण्याची जागा लागते आणि ते नेरूळच्या तलावांवर येतात. त्यांचा तो जगप्रसिद्ध गुलाबी रंगसुद्धा खाण्यातून येतो, शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून. म्हणजे गुलाबी रंगाचा कारखाना चिखलात आहे. आणि आपण भिंतीवरून नेमका चिखलच गाळला.

आता खरी गोष्ट. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण नेरूळचे तलाव त्या हद्दीच्या बाहेर. हे तलाव जगतात ते खाडीचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या वाटांवर. वाट बुजली की पाणी सडतं किंवा आटतं. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झालेत, हे पर्यावरणप्रेमी ओरडून सांगत होते. त्याच वेळी शहर स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवत होतं आणि भिंतीभिंतीवर फ्लेमिंगो होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद असताना होमपेज चकाचक ठेवायचं, हा प्रकार आमच्याकडेही चालतो. फरक इतकाच की आमच्याकडे दहा मिनिटांत ग्राहकाचा फोन येतो. पक्षी फोन करत नाहीत.

यात मला पर्यावरणवाल्यांचा राग जास्त येतो, कारण ते आपले आहेत. त्यांच्याकडे भरती-ओहोटीच्या नोंदी असतात, नकाशे असतात, कोर्टातली कागदपत्रं असतात. आणि चित्रकलेची मुलं समोर आली की त्यांना फक्त 'काहीतरी कलरफुल' हवं असतं. माहिती आपली, सजावट तुमची. ही भागीदारी नाही, फुकटची रंगरंगोटी आहे. कॉलेजंही कमी नाहीत. मुलांना तीन रविवार राबवलं, वार्षिक अहवालात फोटो छापला, संपलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, भिंत बघून निदान लोक थांबतात तरी." थांबतात ना. सेल्फी काढतात, स्टोरी टाकतात, निघून जातात. त्या भिंतीकडे बघून एकालाही हे कळत नाही की पाणी कुठून येतं आणि कुणी अडवलं. उलट समाधान मिळतं, की आपल्या शहरात फ्लेमिंगो मजेत आहेत. ज्यांनी वाट बुजवली, त्यांना अशी भिंत मुळीच नडत नाही. ते तिचं उद्घाटनसुद्धा करतील.

कोलकात्याचं बघा. शहराचं सांडपाणी पूर्वेकडच्या भेड्यांमध्ये, म्हणजे मासळीच्या तळ्यांमध्ये, ऊन आणि शेवाळाच्या जोरावर शुद्ध होतं, ही यंत्रणा ध्रुवज्योती घोष नावाच्या एका इंजिनिअरने जगाला समजावून सांगितली. तो पाण्याचा माग काढत चालत गेला, मच्छीमारांकडून शिकला, नकाशे केले. २००२ साली त्या पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाला. त्याने लोकांना पक्षी दाखवून भुलवलं नाही, पाणी कसं चालतं ते दाखवलं.

हे दाखवण्याचं काम चित्रकलेची मुलं आमच्यासारख्या इंजिनिअरांपेक्षा शंभर पटीने चांगलं करू शकतात. पण त्यांना पहिल्या दिवसापासून बोलवा. एक भरती आणि एक ओहोटी तलावाकाठी बसवा. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या होडी घालणाऱ्या कोळ्यांशी बोलू द्या, कारण कुठली वाट कधी बुजली हे त्यांना तोंडपाठ असतं. मग त्यांना भिंत द्या. त्यावर तलावाचा छेद काढू दे, पाइप कुठे आहे ते दाखवू दे, भरतीची रेघ मारू दे, गेल्या वर्षी पाणी कुठवर होतं आणि आज कुठवर आहे ते लिहू दे. आणि कामाचे पैसे द्या. वडापाव हे मानधन नाही.

अशी भिंत काहींना खुपेल, कदाचित रातोरात पुसलीही जाईल. तेव्हा समजायचं की जनजागृती झाली.

त्या रविवारी परतताना बहीण म्हणाली, "दादा, तलाव बघून जाऊया का?" आम्ही गेलो. अंधार पडत आला होता. तिने वही काढली, पण पक्षी काढले नाहीत. बांधाखालचा तोंड बुजलेला सिमेंटचा पाइप काढला.

त्या रंगकामातलं माझ्याकडे जपून ठेवलेलं एकच चित्र आहे, आणि ते हेच.