तक्रारपेटी आणि साक्षीदार

शाळांतील दांडगाई आणि भेदभाव यांच्या निर्मूलनासाठी महाराष्ट्रात परिपत्रकांची वाण कधीच पडली नाही. २०१७ मध्ये प्रत्येक शाळेत तक्रारपेटी बसविण्याचा आदेश निघाला. २०२२ मध्ये ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचे ठरले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या घटनेने राज्य हादरले, तेव्हा त्याच आदेशांची शाळांना नव्याने आठवण करून द्यावी लागली. पाळल्या गेलेल्या आदेशाची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. पेटी भिंतीवर टांगणे सोपे आहे. तिच्यात चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाच्या पाठीशी दुसऱ्या दिवशी कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही.

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीचे उदाहरण घ्यावे. उजनीच्या पाण्याने माढा तालुक्याचा हा पट्टा उसाखाली आला. परिसरात साखर कारखाने निघाले, औद्योगिक वसाहत झाली. या समृद्धीत तीन मुले वाढतात. बागायतदाराचा मुलगा पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्याच्या रानात राबणाऱ्या मजुराचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. आणि हंगामात मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगाराची मुलगी फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. एकाच शिवारातली ही तीन मुले एका बाकावर कधी बसतच नाहीत. ज्यांची गाठच पडू द्यावयाची नाही, त्यांना बंधुतेचा पाठ वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळा शिकवून काय साधणार?

पुढे हायस्कुलात पहिल्या दोघांची गाठ पडते, तेव्हा एकाने दुसऱ्याला आडनावावरून हिणवावे, डबा खाताना दूर बसवावे, हे त्याला कोणत्या क्रमिक पुस्तकाने शिकविलेले नसते. ते तो वाड्यात, पारावर आणि निवडणुकीच्या सभेत शिकून येतो. शाळेचा अपराध इतकाच, की ती ते खपवून घेते. तक्रार आलीच तर ‘पोरांची भांडणे, त्यात मोठ्यांनी पडू नये’ असे सांगून मिटविली जाते. मार खाणारा बहुधा एकाच बाजूचा असतो, हे मात्र कोणी मोजीत नाही. ‘शाळेत जात आणू नका’ असा साळसूद उपदेश करणारेही पुष्कळ आहेत. जात शाळेत कोणी आणावी लागत नाही. हजेरीच्या वेळी आडनाव पुकारले की ती आपोआप आत येते. तिच्याकडे पाहावयाचे नाही असे ठरविणे, म्हणजे मारणाऱ्याला अभय देणे होय.

ही खपवून घेण्याची रीत कोठवर जाते, याचा दाखला सोलापूरला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून त्याला शाळेतूनच मारहाण करीत नेण्यात आले, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण शाळेतील माणसांसह अनेक साक्षीदार फिरले. त्या प्रसंगी मूल्यशिक्षणाचा कोणता तास उपयोगी पडला? गावातील सत्तेपुढे शिक्षकाची जीभ अडखळते, तेव्हा वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला त्या दिवसाचा धडा मिळालेला असतो, आणि तो जन्मभर पुरतो.

मग अशा उपक्रमांचा उपयोगच नाही काय? तसे म्हणणे पराभूत वृत्तीचे होईल. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक शाळांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे या कामासाठी स्वतंत्र समुपदेशक नेमला होता, तेथे विद्यार्थ्यांमधील दांडगाई व हिंसा घटली आणि शाळेचे वातावरण सुधारले. जेथे तेच काम चालू शिक्षकाच्या गळ्यात घातले, तेथे तसा परिणाम दिसला नाही. निवडणुका, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांखाली वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे लादून समता येत नाही. त्यासाठी माणूस नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. सरकारला परिपत्रक प्रिय का, हे येथे उमगते: परिपत्रकाला पगार द्यावा लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहावयास, राबावयास आणि एका पंगतीत जेवावयास लावले. त्यांनी समतेवर केवळ प्रवचने दिली नाहीत. बसण्याची, जेवण्याची आणि राहण्याची व्यवस्थाच बदलली.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक केंद्रात पूर्ण पगारी, संस्थाचालकांच्या दाबाबाहेरचा समुपदेशक हवा. तोडणी कामगारांच्या मुलांना कारखान्याच्या परिसरातील नियमित शाळेत हंगामभर प्रवेश हवा. अन्याय पाहून बोलणाऱ्या शिक्षकाला बदलीपासून संरक्षण हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. या समित्या आज बहुतेक ठिकाणी सहीपुरत्या उरल्या असतील, तर तो दोष सरकारइतकाच चळवळीचाही आहे. समतेवर भाषण करणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत? कितीजण त्या समितीच्या बैठकीला जाऊन तक्रारपेटी सर्वांसमक्ष उघडण्याचा आग्रह धरतात?

टेंभुर्णीहून पंढरपूर तासाभराच्या वाटेवर आहे. १९४७ च्या मे महिन्यात तेथे साने गुरुजी विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसले. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविलेला हा शिक्षक. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागे केले होते. मंदिराचे दार उघडले. शाळेचे दार तर कायद्याने केव्हाच उघडे आहे. त्या दारातून आत आलेल्या मुलाला मार बसत असताना जो ‘मी पाहिले’ असे उभ्या गावासमोर सांगेल, तो साक्षीदार घडविणे हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे.