ॲप काय पाठवते, हे तपासणाऱ्याला कायद्याचे संरक्षण हवे

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि झूम ॲप घराघरांत पोहोचले. त्याच दिवसांत ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने एक बातमी दिली. झूमचे आयफोनवरील ॲप उघडताच फोनचे मॉडेल, शहर, मोबाइल कंपनीचे नाव आणि जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक ही माहिती फेसबुककडे जात होती. फेसबुकवर खाते नसलेलेही त्यातून सुटले नव्हते. बातमीनंतर काही दिवसांतच झूमने फेसबुकचा तो कोड ॲपमधून काढून टाकला.

हे उघडकीस आले, कारण ॲपमधून बाहेर काय जाते ते कोणीतरी उघडून पाहिले. भारतात मात्र असे पाहणाऱ्याला कायद्याचे स्पष्ट संरक्षण नाही.

उघडून पाहावे का लागते?

ॲप आणि सर्व्हर यांच्यातील माहिती आज बहुतेक वेळा ‘टीएलएस’ पद्धतीने एन्क्रिप्ट होऊन जाते. बंद पाकिटासारखेच हे. पाकीट कोणत्या पत्त्यावर चालले आहे, हे वायफाय देणाऱ्याला साधारण कळते; आतला मजकूर कळत नाही. हे आवश्यकच आहे, नाहीतर रेल्वे स्थानकावरच्या फुकट वायफायवर कोणाचाही पासवर्ड चोरता आला असता. मात्र ज्याचा फोन, त्यालाही आतला मजकूर दिसत नाही. ॲपवाला ‘माहिती सुरक्षित आहे’ म्हणतो आणि आपण विश्वास ठेवतो.

तपासणी होते कशी?

संशोधक चाचणीसाठी स्वतःचा फोन आणि स्वतःचे खाते वापरतो. फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये तो आपला संगणक ठेवतो. त्यावर ‘एमआयटीएमप्रॉक्सी’ किंवा ‘बर्प सूट’सारखे सॉफ्टवेअर असते. मग फोनमध्ये स्वतः तयार केलेले ‘रूट सर्टिफिकेट’ टाकतो. फोन ते खरे मानतो. त्यामुळे पाकीट संगणकावर उघडते, वाचले जाते आणि पुन्हा बंद होऊन पुढे जाते.

आता हे पूर्वीइतके सोपे नाही. २०१६मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७पासून वापरकर्त्याने टाकलेल्या सर्टिफिकेटवर ॲप्स आपोआप विश्वास ठेवत नाहीत. काही ॲप्स फक्त आपल्या ठरलेल्या सर्टिफिकेटलाच दाद देतात. याला ‘पिनिंग’ म्हणतात. तपासणीसाठी ‘फ्रिडा’सारखी साधने वापरून चाचणीच्या फोनवर हा अडसर बाजूला सारावा लागतो.

हाती काय लागते?

‘प्रायव्हसी इंटरनॅशनल’ या संस्थेने २०१८मध्ये ३४ अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यातील ६१ टक्के ॲप्स उघडल्याबरोबर फेसबुकला माहिती पाठवत होती. त्याआधी, २०१२मध्ये जर्मनीतील संशोधकांनी १३,५०० मोफत अँड्रॉइड ॲप्सचा कोड तपासला. १,०७४ ॲप्समध्ये सर्टिफिकेटची तपासणी कुचकामी ठरेल असा धोका आढळला. म्हणजे पाकीट बंद दिसत होते, पण डिंक लावलेलाच नव्हता.

हेच तंत्र उलटेही चालते

फेसबुक १३ ते ३५ वयोगटातील लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन ‘फेसबुक रिसर्च’ ॲप आणि रूट सर्टिफिकेट फोनमध्ये टाकायला सांगत असल्याचे जानेवारी २०१९मध्ये ‘टेकक्रंच’ने उघड केले. तंत्र तेच, पण पाकिटे दुसऱ्यांची. म्हणून फोन कोणाचा, खाते कोणाचे आणि सापडलेले कोणाला सांगितले, हे कायद्याने पाहिले पाहिजे.

आपला कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे किंवा माहिती काढणे यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्हेतूने केलेल्या संशोधनाला स्पष्ट सूट कुठेच नाही. त्रुटी कळवायला ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा आहे, पण कंपनीची नोटीस आली तर हेतू शुद्ध होता हे सांगत वकिलाकडे फेऱ्या मारायच्या त्या संशोधकानेच.

अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२मध्ये सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण कमतरता शोधणाराच घाबरून गप्प बसला, तर हा दंड लागणार कोणाला?

त्यामुळे सूट द्यावी, पण अटींसह. फोन आणि खाते स्वतःचे असावे, इतरांच्या माहितीला हात लावू नये, कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसू नये. त्रुटी आधी कंपनीला कळवून दुरुस्तीला वेळ द्यावा आणि त्यानंतर ती जाहीर करण्याची मुभा असावी.

तुम्ही काय कराल?

कोणी फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा पैशांचे आमिष दाखवून ‘सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हटले, तर करू नका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ शोधा आणि ‘युजर’ हा भाग उघडा. तिथे अनोळखी नाव दिसले तर काढून टाका. फोन ऑफिसने दिलेला असेल, तर आधी आयटी विभागाला विचारा. ते सर्टिफिकेट कंपनीचेही असू शकते.